कपाटामागची महागडी जोडी

महागड्या स्कीला मोजलेले जास्तीचे पैसे वसूल होतात का, हे मला विचारू नका. माझ्याकडे तशी जोडी आहे आणि तिच्यावर मी आजवर फक्त इथे आखातात, अल मनखूलमधल्या आमच्या हॉलमध्ये, गालिच्यावर उभा राहिलो आहे.

मुलगी दहावीत असताना मॉलमधल्या बर्फाच्या उतारावर स्कीइंग शिकली. बाबांनी एकदा तरी आपल्याबरोबर अगदी वरून खाली यावं, एवढाच तिचा हट्ट. मी शिकायला गेलो आणि चार पावलांत चार वेळा आपटलो. तिकिटाबरोबर मिळणाऱ्या स्कीच भंगार आहेत, असं मी जाहीर केलं.

"बाबा, इट्स नॉट द स्कीज. इट्स यू," ती म्हणाली. ते मला फारच लागलं.

दुकानातला सेल्समन भला माणूस होता. "सर, आप के लिए ये सस्तावाला बहुत है," तो म्हणाला. 'आप के लिए' ऐकलं आणि मी सगळ्यात महागड्या जोडीकडे बोट दाखवलं. तीन हजार दिरहॅम.

"म्हणजे सत्तर हजार रुपये," बायको मोठ्यांदा म्हणाली. "पडायला?"

दसऱ्याला स्कीची रीतसर पूजा झाली, कुंकवाचं स्वस्तिक निघालं, झेंडू वाहिला. त्या शनिवारी खांद्यावर टाकून बर्फापर्यंत नेल्या आणि दारातच माझा जीव खाली-वर होऊ लागला. पोरं खुशाल एकमेकांच्या स्कीवर चढत होती. ओरखडा पडला म्हणजे? वरचं प्लास्टिकही मी अजून काढलं नव्हतं. शेवटी सरावाला तिकिटातल्या घ्यायच्या, वरून यायचं ते मात्र नव्यांवरूनच, असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. नव्या स्की घरी कपाटामागे गेल्या.

दोन वर्षांत त्या भंगार स्कीवर मी वळायला, थांबायला शिकलो. "टॉपला जाऊ या?" ती विचारायची. "आज नव्या आणल्या नाहीत गं. पुढच्या वेळी, इन्शाल्ला." हळूहळू तिने विचारणं सोडलं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये ती शिकायला कॅनडाला निघाली. निघायच्या दिवशी सकाळी मी मोठ्या उदारपणे म्हटलं, "त्या स्की घेऊन जा. तिथे खरा बर्फ असतो."

"बाबा, दे आर युअर साइझ," ती म्हणाली. "आय डिडन्ट केअर व्हिच स्कीज. आय जस्ट वॉन्टेड यू देअर."

स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तसाच गाडीची चावी घेऊन उठलो. मॉलमधल्याच जुन्या स्की चढवून आम्ही अगदी वर गेलो. ती पुढे, मी मागे, ती वळेल तसा वळत उतरलो. एकदाही पडलो नाही. खाली पोचायला मिनिटभरही लागलं नसेल.

"अजून एकदा?" मी धापा टाकत विचारलं.

"बाबा, आय हॅवन्ट इव्हन क्लोज्ड माय बॅग्ज," ती म्हणाली आणि हेल्मेट काढायला लागली.