कुंकवाचे ठिपके

मंडळी, आज घरीच पिकअपला रॉक स्लायडर बसवायला घेतले. दारांखाली लावायचे जाड लोखंडी पाइप, म्हणजे दगडावर गाडी आपटली तरी पत्रा चेपत नाही. "तंजावरच्या भातशेतीत दगड कुठे रे?" असं आमच्या वडिलांनी, अप्पांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही फक्त पाना फिरवा.

सत्तरीचे अप्पा अंगणात गाडीखाली आडवे झाले. एकेक बोल्ट पक्का आवळला की त्यावर देवघरातल्या कुंकवाचा ओला ठिपका लावायचे.

मी फोटो काढायला वाकलो आणि ते ठिपके बघून माझं डोकं फिरलं. "हे काय देऊळ आहे? व्हा बाजूला," म्हणत शेजाऱ्यांसमोर फडक्यानं सगळे पुसून टाकले.

अप्पा हळूच म्हणाले, "खूण होती रे ती. पक्के कुठले झाले ते कळायला. काही अजून सैल आहेत."

सोळा बोल्ट. आता सगळे सारखेच दिसतात.

"मग बघा परत पहिल्यापासून," मी म्हटलं. ते पुन्हा गाडीखाली गेलेत. मी माडाच्या सावलीत खुर्ची टाकून हे लिहितोय.

फोटो टाकलाय. गाडीखालून पाय दिसताहेत, तिकडे लक्ष देऊ नका. स्लायडर कसे दिसतात तेवढं सांगा.