ओलं छत

मास्तरांच्या सुनेला गल्लीत लहानथोर सगळेच वहिनी म्हणायचे. सासऱ्यांच्या वयाचा कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा. नवरा गेल्यावर तरी हे नाव सुटावं की नाही? पण नाही, वहिनी ती वहिनीच. आणि खरं सांगायचं तर ती त्या घरात तगली ती सासऱ्यांमुळे. तंबू आणि दुकानांची कापडी छतं शिवण्यात त्यांची हयात गेली. मुलगा गेला त्या वर्षी सून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, तेव्हा ह्याच माणसानं तिला उठवून मशीनवर बसवलं. "रडायचंय तर रड, पण पाय हलव," म्हणाले. त्याच मशीनवर ती आजही पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते.

आता मामंजींचंच डोकं धड राहिलं नव्हतं. जेवून उठले की पुन्हा जेवायला बसायचे. तिला कधी नावानं हाक मारायचे, कधी परक्यासारखं "अहो बाई" म्हणायचे. पण दुपारचा चहा झाला की हात मागे बांधून फिरायला निघायचे आणि गल्लीला वळसा घालून बरोबर आपल्याच दारात येऊन थांबायचे. घरं सगळी एका साच्यातली, दारं तीच, पायऱ्या त्याच. तरी कधी चुकले नाहीत. वहिनीला त्याचं कोण कौतुक! "डोकं विसरलं तरी पाय विसरले नाहीत हो," ती इस्त्रीवाल्याला सांगायची.

धाकट्या दिराला मात्र हे पटत नव्हतं. मागच्या खेपेला आला तो दारातच मान वर करून उभा राहिला. दारावर मामंजींनी स्वतः शिवलेलं छत होतं, लोखंडी चौकटीला दोरीनं ताणून बांधलेलं. मूळचं हिरवं, पण आता धुळीनं आणि बुरशीनं काळपट झालेलं. मधोमध एक तपकिरी ठिगळ, वहिनीच्या नवऱ्याच्या जुन्या पँटचं.

"वहिनी, छताची ही दशा, मग बाबांची काय असेल?" भाऊजी म्हणाले. "मी वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. पुढच्या रविवारी येतो, तेव्हा काय ते ठरवून टाकू."

ते वाक्य तिच्या मनातून जाईना. मामंजी गेले तर ह्या घरात बोलायचं कुणाशी? मशीनशी?

रविवारी सकाळी तिनं पदर खोचला. म्हटलं, बघाच आता भाऊजी, घर कसं ठेवते ते. स्टुलावर चढून दोऱ्या सोडल्या, छत अंगणात पसरलं, आधी कोरड्या झाडूनं धूळ आणि जळमटं काढली. मामंजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. अचानक म्हणाले, "आधी शिवण तपास. उसवली असेल तर पाणी लागलं की आणखी फाटेल."

वहिनी चपापलीच. मग हसली. "आणि साबण?"

"साधा, कोमट पाण्यात कालवलेला. तारेचा ब्रश लावशील तर हात मोडीन." मामंजींचा आवाज थेट कारखान्यातला! "आणि ओलं घडी घालायचं नाही. ओलं कापड कुजतं. पुरतं वाळल्याशिवाय हात लावायचा नाही."

"नाही लावत, मामंजी."

किती दिवसांनी ते असे भानावर येऊन बोलत होते! तिला तर वाटलं, सगळं मार्गी लागलं. बादलीतलं पाणी शाईसारखं काळं झालं आणि आतून हिरवागार रंग वर आला. ते तपकिरी ठिगळही तिनं उसवलं. क्षणभर हातात धरून बसली, मग कमरेला खोचलं आणि त्या जागी हिरवा तुकडा लावला. कडक उन्हात छत खडखडीत वाळलं. मामंजी चहा पिऊन फिरायला निघाले, तेवढ्यात तिनं चौकटीचा गंज घासला, सांध्यांना तेल दिलं आणि छत ताणून बांधलं. नवीन दुकान थाटल्यासारखं दार दिसायला लागलं.

थोड्याच वेळात भाऊजी आले, हसतच. "कमाल केलीत वहिनी! अहो, मी सरळ पुढे निघून गेलो होतो. दारच ओळखलं नाही."

वहिनीही हसली. चहाचा कप त्यांच्या हातात दिला. आणि तिथंच तिच्या पायाखालची जमीन सरकली.

दारच ओळखलं नाही.

म्हणजे मामंजींचे पाय वगैरे काही ओळखत नव्हते. ते रोज मान वर करून ते मळकं छत शोधत होते! आणि तिनं ते आपल्या हातानं धुऊन टाकलं होतं.

ती तशीच धावत सुटली. इस्त्रीवाला म्हणाला, "मास्तर? आत्ताच तर गेले तुमच्या दारावरून. दोनदा गेले. मला वाटलं, आज लांब फिरायचंय." बसथांब्यावर नाहीत. बागेत नाहीत. मोठ्या रस्त्यावर गाड्या सुसाट चालल्या होत्या; तिकडे बघवेना. "मामंजी!" ओरडून ओरडून घसा बसला. भाऊजी धापा टाकत मागून येत होते. "बघितलंत ना वहिनी? म्हणून सांगत होतो!" चूक तिचीच होती. हात मोडायचे ते ब्रशासाठी नव्हे, ह्या कामासाठी मोडायला हवे होते.

मग ती थांबली आणि उलटी पळाली. घरी अंगणात ती काळ्या पाण्याची बादली अजून तशीच होती. तिनं ती उचलली आणि सगळीच्या सगळी छतावर फेकली. कुंडीतली माती ओंजळीनं घेतली आणि वर फासली. कमरेला खोचलेलं ठिगळ काढलं, दाभण घेतलं, स्टुलावर चढली आणि हिरव्या तुकड्यावर भलेमोठे वेडेवाकडे टाके घातले. दाभण बोटात घुसलं तरी थांबली नाही.

"वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला?" भाऊजी रस्त्यातूनच ओरडले.

"हो, लागलंय! तुम्ही जा, शोधा त्यांना! मी इथून हलणार नाही."

दिवे लागायची वेळ झाली. ती पायरीवर बसून राहिली, तोंडाला, केसांना चिखल. भाऊजी चौकीत कळवून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. रडत होते बहुतेक. तिनं बघितलं नाही.

गल्लीच्या टोकाला एक माणूस दिसला. हात मागे बांधलेले, मान वर. एका पायातली चप्पल गायब. एकेका दारावर बघत, पुढे सरकत, अगदी सावकाश आला आणि त्या ठिबकणाऱ्या छताखाली थांबला.

"अहो बाई," मामंजी तिला म्हणाले, "आमच्या सुनेला बोलवा जरा. कधीपासून घर सापडेना. ती काळजी करत असेल."

वहिनीला हुंदका फुटला. तिनं त्यांचे पाय पुसले, त्यांना आत नेऊन बसवलं आणि बाहेर आली.

"न्या त्यांना, भाऊजी," ती म्हणाली. "माझी हार झाली. पण हे छतही न्या, तिथल्या दारावर बांधा. नाहीतर ते रोज बाहेर पडतील आणि शोधत राहतील." ती स्टुलावर चढून दोरी सोडायला लागली.

"ए, ए!" आतून मामंजींचा कडक आवाज आला. "ओलं आहे ते! ओलं उतरवायचं नाही. वाळू दे आधी."

दोरी तिच्या हातातच राहिली. भाऊजींच्या इस्त्रीच्या शर्टावर काळं पाणी ठिबकत होतं, पण ते बाजूला झाले नाहीत.

"वाळायला किती वेळ लागेल, वहिनी?"

"सांगता येत नाही."

"बरं," ते म्हणाले. "वाळलं की कळवा."

त्यांचा दर रविवारी फोन येतो. वहिनी सकाळीच स्टुलावर चढून छतावर दोन तांबे पाणी शिंपडून आलेली असते. बुरशी पुन्हा धरलीय, हिरवा रंग जवळपास गेला. शिवणही एका बाजूनं कुजायला लागलीय, ते तिला बोटाला कळतं. फार दिवस टिकायचं नाही. दुपारी मामंजी फिरून येतात आणि बरोबर तिथंच थांबतात.

"वाळलं का हो, वहिनी?" भाऊजी विचारतात.

"नाही ना, भाऊजी," ती ओला हात पदराला पुसत म्हणते. "अजून ओलंच आहे."