प्रतीक्षाचा पहिला ऑडिओ

मित्रांनो, आज स्वतःचाच फार राग येतोय.

मी देवळीला कॉलेजात मराठी शिकवते. मुलं बोलती व्हावीत म्हणून उतारा वाचून, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऑनलाइन गृहपाठाच्या ॲपवर पाठवायला सांगते. नाचणगावच्या प्रतीक्षाच्या ऑडिओत मधेच तिचे बाबा ओरडले होते, "प्रतीक्षे, जेवाले ये वं, भाकर थंडी होऊन राह्यली!"

मी शेरा दिला, 'मागचा आवाज नको. परत पाठव.' तिने पाठवला. नवा आला की ॲपमधला जुना पुसला जातो.

मागच्या महिन्यात तिचे बाबा गेले.

आज वर्ग सुटल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, तो पहिलावाला ऑडिओ हाय का? माह्या मोबाईलमधून डिलीट झाला. बाबाचा आवाज दुसरा कुठंच नाई."

मी तिच्यासमोर ॲप उघडलं. तिथे तिचा एकटीचा स्वच्छ आवाज होता, आणि खाली माझा शेरा: 'आता छान.'