बंद, चालू आणि हात लावू नका

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे मिरची म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात काही वावगंही वाटत नसे. यूएसबीच्या कुठल्या पोर्टला वीज द्यायची, हे आजवर कॉम्प्युटरच्या पोटातली यंत्रणा परस्पर ठरवायची. बाहेरच्या साध्या प्रोग्रॅमलाही ते सांगता यावं, अशी सोय करण्याचं काम मिरचीकडे आलं. तिने प्रत्येक पोर्टसाठी एक छोटी फाइल ठेवली. त्यात शून्य लिहिलं की वीज बंद, एक लिहिलं की चालू. आणि दोन लिहिलं, की त्या पोर्टला कुणीही हात लावायचा नाही.

हे दोन तिने दादासाठी घातलं. दादाला दिसत नाही. तो घरी बसून अनुवाद करतो. यूएसबीला जोडलेल्या पट्टीवर ब्रेलचे टिपके वर येतात, ते बोटांनी वाचतो. एखाद्या वाक्यावर विचार करत थांबला, की कॉम्प्युटरला वाटतं इथे कुणीच नाही, आणि बचत म्हणून तो पट्टीची वीज तोडतो. टिपके बोटांखालून गडप!

"अगं, विचार करतोय मी, मेलो नाहीये!" दादा ओरडायचा.

वाचणारा थांबला म्हणजे उठून गेला, हा शोध कुठल्या दीडशहाण्याने लावला? मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

साहेबांनी आराखडा पाहिला. "ते दोन काढून टाक. कुणाला लागतंय?"

"माझ्या दादाला, सर."

"एका माणसासाठी नियम करत नाही आपण."

मग बचत किती होते ते सगळ्यांना दाखवायला साहेब स्वतः बसले. एकेका पोर्टला शून्य लिहीत सुटले. त्यातल्या एकाला त्यांचाच कीबोर्ड जोडलेला. तो गेला! आता एक लिहायचं तरी कशाने? बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. साहेब मेलेल्या कीबोर्डवर टकटक करत राहिले, आणि मिरची सोडून कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा हुकूम आला. कीबोर्ड आणि माऊसची वीज कधीच तोडायची नाही. बाकी ठरल्याप्रमाणे, दोन काढायचं. नाव घालून पाठव.

त्यांच्या कामात रीतच तशी. लिहिणाऱ्याने आपलं नाव घालून 'हे माझं' म्हटल्याशिवाय बदल पुढे सरकत नाही.

"नाही घालणार," मिरची उभी राहिली. "तुमची बोटं अडली तर लगेच नियम, आणि दादाची अडली तर एक माणूस? कीबोर्ड गेला हे तुम्हाला निदान दिसलं तरी, सर."

"मग दुसरं कुणी घालेल नाव." साहेबांनी खोलीभर पाहिलं. सगळ्या माना पडद्यांत.

नाव घालायला कुणीच पुढे आलं नाही. "राहू दे तुझं ते दोन," साहेब पुटपुटले.

संध्याकाळी तिने दादाच्या पोर्टला दोन लिहिलं. दादा एका शब्दावर अडला, बोटं तशीच ठेवून बसून राहिला. टिपके जागचे हलले नाहीत. तो हसला, आणि मिरचीला रडू फुटलं, निव्वळ संतापाने. माणसाला नुसता विचार करता यावा, एवढ्यासाठी भांडावं लागलं होतं.