‘मशीन काढनार हायत’

परळीत स्टेशन रोडला चन्नप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. हंड्याला बोटाच्या पेराने टिचकी मारली, की कुठे बारीक चीर आहे ते त्यांना आवाजावरून कळायचं. चीर निघाली तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आत हंडा बाजूला ठेवायचे. अशा पक्क्या माणसाला नव्याण्णव सालच्या श्रावणात, बीडमध्ये, कशाचा अर्थ काय तेच कळेनासं झालं.

त्यांची मुलगी कावेरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यातच तिचं ब्लडप्रेशर इतकं चढलं की परळीच्या डॉक्टरांनी सिझर करून मूल काढलं. मुलगी, सव्वा किलोची. जन्मल्यापासूनच धापा टाकत होती. बीडच्या एका बाळांच्या दवाखान्यात श्वास देणारं परदेशी मशीन नुकतंच आलं होतं. कावेरीला हलवणं शक्य नव्हतं. तिच्यापाशी नवरा संगमेश्वर आणि आई बसम्मा थांबले. बाळाबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चन्नप्पा बसले.

काचेतून नात दिसायची. तोंडात नळी, गालांवर पट्ट्या. मधूनच रडल्यासारखं तोंड वाकडं करायची, पण आवाज काही यायचा नाही. पोरगी मुकी आहे की काय, या धास्तीने त्यांनी सरस्वतीबाईंना विचारलं. या तिथल्या सिस्टर, मूळच्या लिंबागणेशच्या.

‘‘नळी गळ्यातून गेली हाय अप्पा. ती निघूस्तोवर आवाज न्हाई फुटायचा.’’

तिसऱ्या दिवशी त्या आनंदाने सांगत आल्या, ‘‘मशीन मिनिटाला चाळीस श्वास देत होतं, आज तीसच देतं.’’

चन्नप्पा बाकावरून उठले. ‘‘कमी झाले?’’

‘‘कमी झाले तेच चांगलं. बाकीचे पोरगी आपले आपण घेती.’’

चौथ्या दिवशी वीस झाले. चन्नप्पांनी मान हलवली, पण मनाला ते पटेना. चाळिसाचे वीस झाले, अन् ही बाई हसते काहून?

पाचव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर जाता जाता म्हणाले, ‘‘उद्या सकाळी मशीन काढू या.’’

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांनी चन्नप्पांच्या थोरल्या भावाबद्दल अगदी हेच सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भावाला माती देऊन झाली होती. पण ते डॉक्टर खाली मान घालून बोलले होते. हे तर हसून बोलले. विचारावं असं चन्नप्पांना वाटलं, पण ते विचारायला थांबले नाहीत. समोरच्या एसटीडी बूथवर जाऊन त्यांनी परळीला फोन लावला.

‘‘उद्या मशीन काढनार हायत,’’ एवढंच ते बसम्माला म्हणाले. ‘‘कावेरीला सांगू नको.’’

सकाळी सरस्वतीबाई बोलवायला आल्या, ‘‘या अप्पा, बघायचं का?’’

‘‘मला न्हाई बघायचं.’’

ते बाहेर बाकावर डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने आतून मांजराच्या पिलासारखा घोगरा, बारीक आवाज आला. दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू असेल, असं त्यांनी धरलं. सरस्वतीबाईंनी दारातून डोकावून सांगितलं, ‘‘तुमचीच हाय.’’ तरी ते उठले नाहीत. त्यांना ते ऐकू आलं होतं; खरं वाटलं नव्हतं.

अकराच्या सुमारास एक काळी-पिवळी जीप दारात थांबली. बसम्मा, तिचा भाऊ बंकट आणि विभूतीची पिशवी घेतलेले, माती देतानाचे विधी करणारे जंगम स्वामी उतरले. बंकटच्या काखेत कोरं पांढरं कापड होतं. बसम्माने पायरीवरच हंबरडा फोडला.

‘‘रडू नको, जिती हाय,’’ चन्नप्पा म्हणाले.

‘‘मशीन काढलं न्हाई का मग?’’

‘‘काढलं.’’

‘‘काढलं अन् जिती हाय? ते कसं काय?’’

‘‘मलाबी कळंना.’’

बंकटने कापड पाठीमागे लपवलं. स्वामींनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘‘मग मी आता काय करू?’’ सरस्वतीबाई म्हणाल्या, ‘‘आत न्हाई जाता येणार महाराज. काचेला बाहेरून लावा.’’ स्वामींनी काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली. दुपारी सगळे आल्या जीपने परत गेले.

संध्याकाळी बाळाची छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर झाले. डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली.

‘‘सकाळी काढली, आता घातली,’’ चन्नप्पा म्हणाले. ‘‘म्हंजी बरं झालं का वाईट झालं?’’

‘‘दमली हो ती. दोन दिवस विसावा देऊ, मग पुन्हा काढून बघू. होतं असं.’’

पुन्हा एसटीडी बूथ. तिकडे परळीत कावेरीने सकाळीच जीपमध्ये चढणारे स्वामी खिडकीतून पाहिले होते. परत आल्यावर आईने ‘मशीन काढलं, जिती हाय’ म्हटलं, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. आता संगमेश्वरने मशीन परत लावल्याचं सांगताच ती उठून बसली.

‘‘तवा काढलं म्हनलात, आता लावलं म्हनता. तुमी समदे मिळून मला फसवायलात. मेली माझी पोरगी.’’

संगमेश्वरने तरी कुठे डोळ्यांनी पाहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी टाके ओले असतानाच कावेरी बीडला आली. हात धुऊन आत गेली आणि ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीच्या भोकातून तिने बाळाच्या तळव्याला बोट लावलं. पाय आखडला. ती तिथेच स्टुलावर बसली ती रात्रीपर्यंत उठली नाही.

नवव्या दिवशी नळी पुन्हा काढली. या खेपेला नाकात दोन बारीक नळ्या आणि त्यांच्या पाइपाचं टोक पाण्याच्या बाटलीत. बाटलीत सारखे बुडबुडे यायचे. चन्नप्पांनी विचारलं, ‘‘हेबी मशीनच का?’’ सरस्वतीबाईंनी समजावलं, ‘‘हे नुसता जोर देतं, श्वास तिचा तिनंच घ्यायचा.’’ चन्नप्पांनी पुन्हा मान हलवली. संध्याकाळ गेली. सकाळ झाली. बाळ रडलं, आणि या वेळी आवाज कुणाचा हे त्यांना विचारावं लागलं नाही.

‘‘आता पुन्हा न्हाई ना घालनार?’’ त्यांनी डॉक्टरांना गाठलं.

‘‘आज तरी नाही वाटत.’’

ती वेळ पुन्हा आली नाही. दीड महिन्याने शिवांजली नाव ठेवलेली नात पावणेदोन किलोची होऊन परळीला आली. बीडला नक्की काय झालं हे शेजारीपाजारी विचारायचे, आणि चन्नप्पा दर वेळी निराळंच सांगायचे. काढलं आधी की घातलं आधी, इथेच ते अडायचे. दुकानाला कुलूप लावून पाळण्यापाशी बसून राहायचे.

‘‘हिचा श्वास चालू हाय, हे कळतं कसं?’’ एकदा त्यांनी बसम्माला विचारलं.

‘‘प्वाट हलतंय की,’’ ती म्हणाली. ‘‘जावा आता, दुकान उघडा.’’

ते किल्ल्या घेऊन निघाले, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन एकदा परत येऊन बघून गेले.