चेकवरचं तुळशीपत्र

माझी आई निवृत्त शिक्षिका. दर मार्चमध्ये ती पेन्शनमधून हरसूलच्या मुलींच्या एका वसतिगृहाला चेक देते. तो देवापुढे ठेवते, त्यावर तुळशीचं पान ठेवते आणि मगच पाकिटात घालते. पावती येते ती माझ्याकडे, कारण तिचं रिटर्न मी भरते आणि देणगीवरची करसवलत घेते.

यंदा आमच्या सीएने सांगितलं, की तिचा फायदा नव्या कररचनेत आहे, पण तिथे देणगीवर सवलत नाही. मी फोनवरच चिडले. एवढंही सरकारला बघवत नाही का, अशाने लोक हात आखडतील, असं बरंच बोलले. खरी काळजी आईची होती. ती मनाला लावून घेईल म्हणून घरी आल्यावर तिला हळूच समजावलं.

निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून ती म्हणाली, "अगं, तुळशीपत्र ठेवलं म्हणजे आपला हक्क सोडला. आणि तू दर वर्षी त्यातलं थोडं परत मागत होतीस?"

"आई, ते तुझ्याच खात्यात येत होतं."

ती हसत सुटली.

सवलत राहावी असं मला अजूनही वाटतं. सगळेच काही आईसारखे नसतात, मीही नाही. आईने चेक लिहिला, नेहमीएवढाच. मग गॅलरीतल्या कुंडीतून मला पान आणायला लावलं आणि चेक माझ्यापुढे सरकवला.

"यंदा तू ठेव," ती म्हणाली. "तुला सवय व्हायला हवी आता."