तुम्हाला इथंच घेतलं ना?

एमबीए झाल्यावर वर्षभर मुलाखती देऊनही कुठं जमलं नाही. शेवटी वसईत ज्या कॉलेजात शिकले, तिथंच प्रवेशाच्या टेबलावर मला काम मिळालं. येणाऱ्यांना कोर्स समजावून सांगायचा, एवढंच.

एका जूनमध्ये भुईगावचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. त्यांची सोनचाफ्याची वाडी होती. मुलीनं तिथं राबू नये, अशी त्यांची इच्छा.

"नोकरी लागेल ना, मॅडम?"

"प्रयत्न तर सगळेच करतात," मी म्हणाले.

"तुम्ही कुठं शिकलात?"

"इथंच."

ते खुलले. मुलीला म्हणाले, "बघ, मॅडमना इथंच घेतलं."

माझ्या वर्गातले बहुतेक जण बारावीवरही मिळाली असती अशी कामं करतात, हे मला त्यांना सांगायचं होतं. पण मागं साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी फॉर्म पुढं सरकवला आणि मुलीनं त्यावर सही केली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. जाता-येता टेबलापाशी थांबून विचारते, "मॅडम, कंपन्या कधी येणार?"

"दिवाळीनंतर," मी सांगते. मला तेवढंच सांगायला सांगितलंय.